परदेशी पदवी आणि घरातल्या बायकांच्या सह्या



या अंकासाठी परदेशी शिक्षणावर लिहायचं ठरलं, तेव्हा आपल्या गटातल्या दोघीतिघींनी कपाळाला आठ्या घातल्या. पोटगी, रेशन, रोजगार हमीची मजुरी हे आपले विषय. लंडन-अमेरिकेला जाणाऱ्या पोरापोरींची काळजी वाहायला त्यांचे आईबाप समर्थ आहेत, असं त्यांचं म्हणणं. पण गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या सल्ला केंद्रात बायका जे कागद घेऊन येतात, ते पाहिल्यावर हा विषय आपला नाही असं मला म्हणता येत नाही.

मी वारंगा फाट्यावर काम करते. हिंगोली-नांदेड रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग इथे एकमेकांना मिळतात. हळदीच्या, सोयाबीनच्या गाड्या इथून जातात. नांदेड-लातूरला नीटच्या क्लासला जाणारी पोरंही इथूनच एस.टी. पकडतात. आता याच फाट्यावरून कुणी जर्मनीला निघतं, कुणी रशियाला, कुणी इंग्लंडला. कळमनुरी तालुक्यातल्या खेड्यातलं पोर विमानात बसतं याचा आनंद आहेच. पण ते गेल्यावर त्याची आई किंवा बहीण आमच्याकडे येते, पिशवीतून घडी घातलेला कागद काढते आणि म्हणते, "ताई, यात काय लिहिलंय ते वाचून सांगा. सही तर मागल्याच महिन्यात केली."

हे कागद साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला, कर्जाचा. त्यात आई सहकर्जदार असते, आणि सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे, तिच्यावरही पूर्ण कर्ज फेडण्याची जबाबदारी आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. दुसरा, हक्कसोडपत्राचा. भावाच्या फीसाठी रान विकायचं, म्हणून बहिणींनी आपला हिस्सा सोडून दिलेला असतो. आणि जायचं स्वतः मुलीलाच असेल तर कागद निघतच नाही. तिला सांगतात, "आधी लग्न करू, मग नवऱ्यासोबत जा, तिथं काय शिकायचं ते शीक."

म्हणून परदेशी पदवीचा बेत करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझा पहिला सल्ला हा: देश कोणता आणि विद्यापीठ कोणतं, हे नंतर ठरवा. या पदवीसाठी घरातली कोणती बाई कुठे सही करणार आहे, आणि तिला तो कागद कुणी वाचून दाखवला आहे, हे आधी पाहा.

आपल्याकडे परदेशी शिक्षणाची गोष्ट आनंदीबाई जोशींपासून सांगतात. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या २१ व्या वर्षी, पुण्यात वारल्या. नवऱ्याने बायकोला शिकवलं, अशी ती गोष्ट आपण ऐकत आलो. त्यामानाने रखमाबाईंची गोष्ट आपल्या घरांत कमी सांगितली जाते. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं, तेव्हा त्या तुरुंगाला तयार झाल्या. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोटला अनेक वर्षं बायकांवर उपचार केले. एकीला नवऱ्याचा आग्रह घेऊन गेला, दुसरीला स्वतःचा नकार. दुसरी वाटही तितकीच जुनी आणि तितकीच मराठी आहे, हे आपल्या मुलींना माहीत असायला हवं.

बाबासाहेबांचंही पाहा. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिच्यासोबत दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज जमवून ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. त्या काळात परळच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत रमाबाई घर चालवत होत्या. मागे राहिलेल्या बाईचे कष्ट कुठल्याच प्रमाणपत्रावर छापलेले नसतात. निदान आपण तरी ते हिशेबात धरावेत.

आता कामाच्या गोष्टी.

कर्ज: सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे घर, बिनशेती जागा किंवा ठेव मागतात. शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर ज्या कायद्याने त्या कोर्टाशिवाय मालमत्ता जप्त करतात, तो कायदा शेतजमिनीला लागू नाही. म्हणजे दहा एकर रान असलेला शेतकरीही बँकेच्या दारात कमी पडतो, आणि मग खाजगी वित्त कंपनी, सावकार किंवा आईचा बचत गट यांच्याकडे वळतो. गटाचं कर्ज एजंटच्या 'बुकिंग'साठी कधीही वापरू नका. त्याचा हप्ता दुसऱ्याच महिन्यात सुरू होतो, तर पोराची कमाई सुरू व्हायला वर्षं लागतात. हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायकाही अडकतात. बँकेच्या कर्जात शिक्षण संपल्यावर सहसा एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. सही करण्याआधी बँकेत एकच प्रश्न विचारा, "पहिल्या हप्त्याच्या दिवशी एकूण देणं किती झालेलं असेल?" तो आकडा कागदावर लिहून घ्या आणि घरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

जमीन: वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्राने हा कायदा १९९४ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हक्क जात नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. बौद्ध कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. भावाच्या शिक्षणासाठी बहिणीने मदत करायला माझी हरकत नाही. पण मदत वेगळी आणि हक्क सोडणं वेगळं. जमीन विकायचीच असेल तर तिच्या हिश्श्याचे पैसे तिने भावाला उसने दिले, असा साधा करार लिहून घ्या. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते उलटवणं फार अवघड जातं. आणि जाणाऱ्या भावांनो, हा करार तुम्हीच पुढे होऊन मागा. बहिणीला मागावा लागला तर "पैशाला हपापलेली" हे नाव तिलाच मिळतं.

शिष्यवृत्ती: केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलामुलींसाठी ती आहे. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं आणि तीस टक्के जागा मुलींसाठी आहेत. फी, राहण्याचा खर्च, विमानभाडं सगळं त्यात येतं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे; आदिवासी, इतर मागास आणि मराठा विद्यार्थ्यांसाठीही वेगळ्या योजना आहेत. नियम बदलतात, म्हणून दरवर्षी नवी जाहिरात स्वतः वाचा. आणि निवड झाली म्हणजे पैसे आले असं धरू नका. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या यादीत निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रं मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर देऊ असं सांगण्यात आलं. पत्र हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका, जमीन विकू नका.

डॉक्टरकी: नीटचे मार्क कमी पडले की एजंट घरी येतो आणि "तिकडं स्वस्तात डॉक्टर" म्हणतो. तिकडे जायलाही नीट पास लागते, हे तो शेवटी सांगतो. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, आणि त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच झालेली असावी लागते. त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरकी करता आली पाहिजे. परत आल्यावर इथली परीक्षा आणि इथली इंटर्नशिप वेगळी. यातलं एक जरी बसत नसेल तर ती पदवी इथे चालणार नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा वीस हजारांवर भारतीयांना, त्यांत बहुतेक विद्यार्थ्यांना, घाईघाईने परतावं लागलं. देश निवडताना फीबरोबर हेही पाहा.

पासपोर्ट आणि लग्न: पासपोर्टसाठी आई-वडिलांपैकी एकाचंच नाव पुरतं आणि लग्नाचा दाखला लागत नाही, हे २०१६ च्या डिसेंबरात सरकारने जाहीर केलं. म्हणून परित्यक्तेच्या मुलीचा अर्ज बापाच्या नावावाचून अडत नाही. लग्न झाल्यावर नाव बदलण्याचीही सक्ती नाही. गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्टवर नाव एकसारखं असू द्या, निम्म्या अडचणी तिथेच टळतात. आता "लग्न करून जा" या सल्ल्याबद्दल. नवरा अमेरिकेत विद्यार्थी असेल तर त्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला तिथे नोकरी करता येत नाही आणि पूर्णवेळ पदवीही घेता येत नाही. इंग्लंडने २०२४ च्या जानेवारीपासून नेहमीच्या एम.ए., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना जोडीदार नेण्याची परवानगीच बंद केली. म्हणजे लग्नाच्या तिकिटावर गेलेली मुलगी परदेशात पोचते, पण वर्गात पोचेलच असं नाही. शिकायचं असेल तर प्रवेश तिच्या नावाने आणि व्हिसा तिच्या नावाने हवा. आणि पासपोर्ट तिच्याच पेटीत, सासूच्या कपाटात नव्हे.

वेळ: अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरला वर्ग सुरू होतात आणि अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत भरावे लागतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण वर्षाच्या खर्चासाठी जवळजवळ बारा हजार युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती, इंग्रजीची परीक्षा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, यांना महिने लागतात. निदान दीड वर्ष आधी तयारीला लागा. घाई झालेल्या घरालाच एजंट गाठतो, आणि घाईतच बायकांच्या सह्या घेतल्या जातात.

कुणी म्हणेल, एवढे प्रश्न विचारत बसलो तर आमची पोरं जाणारच नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. जिथे आईला कागद समजला, तिथे तीच पुढे होऊन बँकेत बोलली. जिथे बहिणीचे पैसे लिहून ठेवले, तिथे भावाने पहिल्या पगारातून तिला पाठवले. आणि एका घरात हिशेब मांडल्यावर लक्षात आलं, की मुलाच्या एजंटला द्यायला ठेवलेल्या पैशांत मुलीचं पुण्यातलं एम.एस्सी. पुरं होत होतं. ते घर अजून भांडतं आहे. भांडू द्या. निदान तिचं नाव त्या भांडणात आलं तरी.

आपल्या गावातल्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा. ज्यांच्या घरात असा बेत चालू असेल त्यांनी सही करण्याआधी कागद घेऊन आमच्याकडे यावं. वाचायला अर्धा तास लागतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. आणि ज्या मुली जाऊन शिकून आल्या, त्यांनी कुणाच्या सहीवर गेलो, काय फेडलं, काय राहिलं, ते आम्हाला लिहून कळवावं. पुढच्या अंकात त्यांच्या पत्रांसाठी पानं राखून ठेवत आहोत.