पाचर : फोडणारी आणि जोडणारी



इंग्रजीतील ‘वेज’ हा शब्द सिंगापूरमधील आपल्या मुलांना बहुधा प्रथम भेटतो तो उपाहारगृहात, तळलेल्या बटाट्याच्या फोडींच्या रूपाने. एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस निमुळता होत गेलेला तुकडा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आपण त्याला पाचर म्हणतो. वरून घाव घातला की पाचर तो जोर दोन्ही बाजूंस ढकलते आणि ओंडका दुभंगतो. याच गुणामुळे हा शब्द दोन्ही भाषांत बदनाम झाला. मराठीत पाचर मारणे म्हणजे कामात खोडा घालणे. इंग्रजीत ‘वेज’ ठोकणे म्हणजे माणसामाणसांत फूट पाडणे.

फुटीचा हा आरोप आपल्या परिचयाचा आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्यामुळे हिंदू समाज दुभंगेल, या भूमिकेतून गांधीजींनी २० सप्टेंबरपासून येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. परंतु गावकुसाबाहेरची वस्ती, निराळा पाणवठा, बंद देऊळ ही चीर त्या निवाड्याने पाडली नव्हती. ती आधीपासूनच होती. ती दाखवणाऱ्यावर मात्र पाचर ठोकल्याचा ठपका आला.

पाचरीचे दुसरे कामही आहे. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला, की सुतार त्याच्या टोकाशी चीर पाडून तीत पाचर बसवतो. लाकूड फुगते आणि पाते घट्ट बसते. ती पाचर काढली, तर पाते निसटून कोणाच्याही अंगावर येईल.

आपण राहतो त्या देशाने हे ओळखले आहे. सिंगापूरमध्ये १९८८ पासून गट मतदारसंघ आहेत. तेथे लढणाऱ्या प्रत्येक चमूत मलय, भारतीय किंवा अन्य अल्पसंख्याक समाजाचा किमान एक उमेदवार असावाच लागतो. १९८९ पासून सरकारी गृहसंकुलांत वंशनिहाय मर्यादा आहेत, त्या वेगवेगळ्या वस्त्या पडू नयेत म्हणून. येथील अल्पसंख्याक प्रतिनिधी सर्वांच्या मतांवर निवडून येतो. बाबासाहेबांची मागणी याच्या पुढची होती, हा फरक विसरू नये. तरीही भेदाची नोंद घेतल्याने समाज मोडत नाही, एवढे यातून दिसते.

मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठान सुत्तात भगवान बुद्धांनी सुताराचाच दाखला दिला आहे : कुशल सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो, तसा कुशल विचाराने अकुशल विचार घालवावा.

म्हणून एखाद्या स्नेहसंमेलनात “परदेशात तरी जात कशाला काढता? उगाच फूट पडते,” असे कोणी म्हणाले, तर आपल्या मुलांनी खाली पाहू नये. शांतपणे विचारावे, “ही चीर आम्ही पाडली का?”

नमो बुद्धाय.