देव न मानणाऱ्याशी बोलावे काय? आस्तिक-नास्तिक वादाच्या शिष्टाचाराचा इतिहास

#धागा #इतिहास #मराठी

१/ १९४४ सालाच्या अखेरीस आंध्रातील एक कार्यकर्ता वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आला. त्याचे नाव गोपराजू रामचंद्र राव. लोक त्याला ‘गोरा’ म्हणत. तो उघड नास्तिक होता. ज्यांना भेटावयाचे होते त्यांचा दिवस प्रार्थनेने उगवत असे व प्रार्थनेने मावळत असे. देव नसलेल्या माणसाशी आपण बोलावे तरी काय, असा विनोद गांधीजींनी पहिल्याच भेटीत केला. दोघेही हसले. मग गोरांनी नम्रपणे दुरुस्ती सुचविली: आपण देवाला मुकलेले नसून निरीश्वरवादी आहोत. यावर गांधीजींनी लगेच विचारले, या दोहोंत भेद कोणता? आणि ते ऐकू लागले.

२/ हा प्रसंग अगदी लहान आहे. तरीही आस्तिक आणि नास्तिक यांनी परस्परांशी कसे बोलावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात सापडते. आज ‘आदराने बोला’ असे म्हटले की त्याचा अर्थ बहुधा ‘गोड बोला’ किंवा ‘विषयच काढू नका’ असा घेतला जातो. इतिहास मात्र आदराचा याहून कठीण अर्थ सांगतो. आदर ही वादाची शिस्त आहे. ती पाळूनही अत्यंत तीव्र मतभेद मांडता येतात, आणि ती मोडली की सौम्य शब्दही विषारी होतात. या धाग्याचे प्रतिपादन एवढेच आहे.

३/ आरंभ प्राचीन शास्त्रापासून करू. न्यायसूत्रांनी सोळा पदार्थ मानले. त्यांत वाद, जल्प व वितंडा या चर्चेच्या तीन प्रकारांना स्वतंत्र स्थान दिले. सत्य ठरविण्यासाठी दोन्ही पक्ष प्रमाणे व तर्क मांडतात तो वाद. केवळ जिंकण्यासाठी छलाचाही आधार घेतला जातो तो जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचे खंडन तेवढे करीत राहणे म्हणजे वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द आपण सहज वापरतो. शास्त्रकारांनी तो दोष फार पूर्वीच नेमका ओळखून ठेवला होता, हे मात्र विसरतो.

४/ वैद्यकशास्त्रही याविषयी बोलते. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या आपसांतील चर्चेचे दोन भेद केले आहेत: संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा. पहिली स्नेहभावाने होणारी, दुसरी विरोधभावाने होणारी. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही प्रकारांत मतभेद गृहीतच आहे. मतभेद नसता तर चर्चेचे कारणच उरले नसते. फरक पडतो तो हेतूचा. समोरच्याकडून काही शिकावयाचे आहे, की त्याला चारचौघांत उघडे पाडावयाचे आहे?

५/ याच परंपरेचा सर्वांत मोलाचा नियम म्हणजे पूर्वपक्ष. खंडन करण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडायचे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह चार्वाकदर्शनापासून सुरू होतो. ग्रंथकार वेदान्ती, आणि पहिले पान वेद नाकारणाऱ्यांचे! चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ लुप्त झाले. त्यांच्या मताविषयी आज जे कळते त्यातील पुष्कळसे त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवले म्हणून कळते.

६/ या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्यांचा ग्रंथ उरला नाही त्यांना स्वतःचा बचाव करता येत नाही. चार्वाक म्हणजे ऋण काढून तूप पिणारा चैनी माणूस, हे लोकप्रिय चित्र विरोधकांच्या लेखणीतून आलेले आहे. त्यामागचा प्रत्यक्ष आणि अनुमान या प्रमाणांविषयीचा गंभीर तात्त्विक प्रश्न किती जणांना ठाऊक असतो? म्हणजे पूर्वपक्ष मांडणे पुरेसे नाही. तो मूळ माणसाने वाचला असता तर ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे म्हणाला असता काय, ही खरी कसोटी होय.

७/ येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘पाहा, आपली परंपरा किती उदार!’ थांबावे. शास्त्रातील नियम आणि रस्त्यावरील वर्तन यांत मोठे अंतर असते. त्याचा पुरावा शोधण्यासाठी प्राचीन काळात जाण्याची गरज नाही, एकोणिसाव्या शतकातील पुणे पुरेसे आहे.

८/ गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक हे डेक्कन कॉलेजातील मित्र. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. इतके जवळचे हे दोघे. एक धर्मपरंपरेचा अभिमानी, दुसरा मिल्ल-स्पेन्सरच्या विचारांनी घडलेला अज्ञेयवादी.

९/ मतभेद विकोपाला गेले. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. बालविवाह, केशवपन, संमतिवय अशा विषयांवर दोन्ही पत्रांतून खडाजंगी झाली. प्रारंभी मुद्द्यांवर चाललेली लेखणी पुढे अनेकदा माणसावर घसरली आणि त्यात कोणतीच बाजू पूर्णपणे निर्दोष राहिली नाही. पण पुण्यातील काही सनातन्यांनी त्याहून फार पुढची पायरी गाठली. त्यांनी जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली.

१०/ ही घटना नीट पाहावी. प्रेतयात्रेत युक्तिवाद नसतो. केशवपन योग्य का, याचे उत्तर तिरडीतून मिळत नाही. ‘हा माणूस आमच्या लेखी मेला आहे’ एवढेच ती सांगते. म्हणजे वाद, जल्प, वितंडा या तिन्हींच्या पलीकडची ही अवस्था झाली, कारण वितंडेतही समोर बोलणारा माणूस तरी जिवंत धरलेला असतो.

११/ आगरकरांची भाषाही मवाळ नव्हती, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. रूढींवर ते उपरोधाचे कोरडे ओढीत. मात्र उपरोधाचा रोख कोणावर, हे पाहिले पाहिजे. विधवेचे केस भादरणाऱ्या चालीवरील प्रहार आणि देवघरात दिवा लावणाऱ्या एखाद्या म्हातारीची टवाळी, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत कोणाची तरी सुटका आहे, दुसरीत केवळ बोलणाऱ्याची हौस. आजच्या पुष्कळ नास्तिकांनी आगरकरांची धार उचलली. ती कोणासाठी पाजळलेली होती, हे मात्र उचलले नाही.

१२/ १७ जून १८९५ रोजी आगरकर दम्याच्या विकाराने गेले. वय अवघे अडतीस. ‘केसरी’त टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि जुन्या सहकाऱ्याच्या योग्यतेची कदर केली. या लेखाचे मोल आहेच. तथापि एक खंत उरते. वादातील आदर हा मृत्युलेखासाठी राखून ठेवण्याचा ऐवज नव्हे. ज्याला तो ऐकावयाचा असतो त्याच्या कानावर तो पडला पाहिजे.

१३/ आता पुन्हा सेवाग्राम. गोरा हे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. नास्तिक मतांमुळे त्यांना महाविद्यालयातील नोकरी गमवावी लागली होती. १९४० साली त्यांनी कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र काढले आणि अस्पृश्यतेविरुद्ध सहभोजने घडवून आणली. इकडे गांधीजींनी ‘ईश्वर सत्य आहे’ हे आपले वचन १९३१ मध्येच उलटे करून ‘सत्य हाच ईश्वर’ असे मांडले होते. ईश्वर नाकारणारेही सत्य नाकारीत नाहीत, हे त्यामागील एक कारण. म्हणजे नास्तिक दारात येण्यापूर्वीच त्याच्यासाठी त्यांनी आपल्या भाषेत जागा करून ठेवली होती.

१४/ गोरांनी काही हातचे राखले नाही. बंगालच्या दुष्काळात कलकत्त्यात मिठाईच्या दुकानांसमोर माणसे उपाशी मेली, पण त्यांनी हात पुढे केला नाही. दैवावर भार टाकण्याच्या वृत्तीचा हा परिणाम आहे, असे त्यांनी एका श्रद्धावंताला त्याच्याच आश्रमात सांगितले. गांधीजींनी भावना दुखावल्याची तक्रार केली नाही. गोरांच्या बोलण्यातील ध्येय त्यांनी मान्य केले, आणि आपला आस्तिक्यभाव खरा किंवा गोरांचे नास्तिक्य खोटे असा निवाडा देण्याचेही नाकारले. दोघेही सत्याचे शोधक, ही भूमिका त्यांनी घेतली. कोणाचेही मतांतर झाले नाही. गोरा अखेरपर्यंत नास्तिक राहिले, गांधीजी अखेरपर्यंत रामनाम घेत राहिले.

१५/ या संवादाचे फळ मात्र दिसले. गोरांच्या ज्येष्ठ कन्येचा विवाह एका दलित तरुणाशी ठरला होता. तो सेवाग्रामात करण्यास गांधीजींनी संमती दिली आणि विधीतील शपथ ईश्वराच्या नावाऐवजी सत्याच्या नावाने घेण्यासही मान्यता दिली. ३० जानेवारी १९४८ ला त्यांची हत्या झाली. तरीही मार्च १९४८ मध्ये तो विवाह त्याच आश्रमात पार पडला. देव आहे की नाही, हा प्रश्न सुटला नव्हता. पण जात मोडण्याचे काम दोघांनी त्या उत्तरासाठी खोळंबून ठेवले नाही.

१६/ या सर्वांतून तीन कसोट्या निघतात. पहिली: प्रतिपक्षाचे नाव त्यालाच सांगू द्यावे. नास्तिक म्हणजे नीतिभ्रष्ट आणि आस्तिक म्हणजे अडाणी, ही नावे दुसऱ्याने चिकटविलेली असतात. दुसरी: त्याला पटेल असा पूर्वपक्ष मांडावा, मगच उत्तर द्यावे. तिसरी: प्रहार विचारावर व चालीवर करावा, माणसाचे चारित्र्य, जात, कुटुंब आणि जीव यांना हात लावू नये. या तिन्ही पाळून कोणी कितीही कठोर बोलले तरी तो अनादर ठरत नाही.

१७/ एक गंभीर आक्षेप उरतो. दोन्ही बाजूंना समान शिष्टाचार सांगणे न्याय्य आहे काय? बहुमत आस्तिकांचे. नोकरी गेली ती गोरांची, तिरडी निघाली ती आगरकरांची. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर. आपला विरोध देवाधर्माला नसून शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, असे जन्मभर संयमाने सांगणारा हा माणूस होता. केवळ नम्रपणा माणसाला वाचवीत नाही, हे त्या सकाळी महाराष्ट्राने पाहिले.

१८/ म्हणून शिष्टाचाराचा भार समान वाटता येणार नाही. ज्याच्या मागे संख्या आहे त्याची जबाबदारी अधिक. आपल्या बाजूचा कोणी धमकी देऊ लागला तर पहिला निषेध त्याच बाजूच्या श्रद्धावंताने केला पाहिजे. विरोधकाने केलेला निषेध अपेक्षितच असतो, त्याने कोणी थांबत नाही. जेथे नास्तिकांचे टोळके एखाद्या एकट्या भाविकाला घेरून हसत असेल, तेथे हेच उत्तरदायित्व नास्तिकाचे.

१९/ इतिहासाच्या अभ्यासकांसाठी शेवटचा मुद्दा. वादात उदाहरणे फेकताना आगरकरांची तिरडी तेवढी दाखविणारे आणि सर्वदर्शनसंग्रह तेवढा दाखविणारे, दोघेही अर्धाच इतिहास सांगतात. त्याच भूमीत दोन्ही घडले. पूर्वपक्ष लिहिणारे हात होते, तिरडी बांधणारेही हात होते. कोणाचा वारसा चालवावयाचा, हे रक्ताने ठरत नाही. पुढच्या वादात पहिले वाक्य कोणते उच्चारले जाते, यावरून ते ठरते. सेवाग्रामात विचारलेला तो प्रश्न अजूनही उपयोगी आहे: आपण स्वतःला काय म्हणता, आणि त्याचा अर्थ काय?

(धागा समाप्त)