मेनूकार्ड उजवीकडून

महिनाअखेर खिशात एकच शंभराची नोट, तरी आमची गँग म्हणते, "चल, फिनिक्सला!" पूर्वी तिथे कापड गिरणी होती, आता चकाचक मॉल. तिथली कॉफी मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? पण मेनूकार्ड उजवीकडून वाचावं लागतं, आणि पोट शेवटी लोअर परळ स्टेशनबाहेरच्या वडापाववरच भरतं.

१९८२ च्या संपाआधी याच गिरणगावात खानावळवाल्या बाया कामगारांना महिन्याच्या हिशेबावर जेवू घालायच्या. सावकाराच्या तावडीतून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरण्यांच्या एवढ्या जमिनीवर अशी एक तरी खानावळ हवी होती की नाही? मेसवाले काका, रागावू नका, पण रविवारी रात्री तुमची मेस बंद असते. आम्ही जायचं कुठे?