पंच्याऐंशी की पंच्याण्णव?

आधी एक कबुली देतो. मी इंग्लिश मीडियमचा. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. घरी मराठी बोलतो, अहिराणी समजते, पण मराठी आकडे आले की माझी दांडी गुल! एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे माझ्यासाठी आजही एकाच चेहऱ्याचे तीन भाऊ आहेत. हा लेखसुद्धा त्याच अज्ञानातून जन्माला आला आहे, तेव्हा ‘तू मराठी विभागात कसा?’ असं कुणी विचारू नये.

तर झालं असं. मे महिन्याच्या सुट्टीत मी भडगावला घरी होतो. ओळखीतल्या एकाचा फोन आला. “कजगावकडे एका गुरुजींची आरएक्स हंड्रेड आहे. पंच्याण्णवची. सिंगल ओनर. बघून घे.” मी ऐकलं पंच्याऐंशीची! चप्पल घालायलाही थांबलो नाही म्हटलं तरी चालेल. पप्पांना म्हटलं, “चला, पहिल्या वर्षाचा पीस आहे.” उन्हात दोघं निघालो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे एस्कॉर्ट्सच्या सहकार्याने १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, चार गिअर, ११ अश्वशक्ती. वजन साधारण शंभर किलो. आकडे वाचून हसू येईल, पण गाडी हलकी असल्यामुळे तिचा उठाव असा की मोठमोठ्या गाड्यांचे मालक सिग्नलला मान फिरवून बघतात. आमच्याकडे राजदूत म्हणजे दूधवाल्याची आणि आरएक्स म्हणजे हौशी पोरांची, अशी सरळ वाटणी होती. परदेशात लोक जुन्या स्पोर्ट्स कार जपतात, आपल्या खान्देशात आरएक्स जपतात. खिशाचा फरक आहे, वेड तेच!

या वेडातला सगळ्यात मोठा वाद म्हणजे कोणत्या सनाची घ्यायची? आमच्या होस्टेलवर यावरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं झाली आहेत. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या भागांतून जोडल्या होत्या, म्हणून पहिली काही वर्षं म्हणजे ‘जपान पीस’. त्याचा भाव वेगळा, त्याची ऐट वेगळी. नव्वदनंतरची गाडी म्हणजे ‘ठीक आहे रे, चालवायला बरी’. मीही याच पंथाचा होतो. आता नाही. का नाही, तेच सांगायला हा लेख लिहिला आहे.

त्याआधीच्या दिवाळीत मी एका शहरात सत्त्याऐंशीची गाडी बघितली होती. (तेव्हा आकडा लिहून घेतला होता!) चकाचक क्रोम, नवा रंग, किंमत एक लाख दहा हजार. माझ्याकडे शिकवण्या घेऊन जमवलेले चाळीस हजार होते. बाकीचे पप्पा देणार होते आणि पप्पांचे पैसे म्हणजे कापसाचे पैसे. त्याच कापसातून माझी शेवटच्या वर्षाची फीही जाणार होती. टोकन द्यायला खिशात हात घातला, तेवढ्यात सोबत आलेले आमचे गॅरेजवाले आप्पा खाली वाकले, इंजिनावरून बोट फिरवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “भाऊ, तुले गाडी जोयजे का सन जोयजे?”

इंजिन नंबरची जागा घासलेली होती. आरएक्स हंड्रेडचा नंबर ‘१एल१’ पासून सुरू होतो, तसा तो होताही, पण पुढचे आकडे एका ओळीत बसत नव्हते आणि आरसी बुकाशी जुळतही नव्हते. म्हणजे इंजिन दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं. ती गाडी कुणाची, चोरीची की भंगारातली, देव जाणे! विकणारा मात्र एकच पालुपद लावून बसला होता, “जपान पीस आहे, सन बघा ना सन!” सनाच्या नादात मी नंबर बघितलाच नव्हता. गाडी पोलिसांनी जप्त केली असती तर वर्षभराची फी पोलिस स्टेशनच्या आवारात गंजत उभी राहिली असती. त्या रात्री एसटीत पप्पा एक शब्दही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. सनाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. जिथे कंपनीने किंवा कायद्याने मशीनच बदललं, तिथे सन बघायलाच हवा. इंग्लंडची एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० अशी बनली. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी तिला काळे रबरी बंपर लावले आणि गाडीची उंची वाढवली. वळणावरची तिची मजा त्यामुळे कमी झाली. म्हणून तिथले शौकीन आजही आधी क्रोम बंपरची विचारतात. आपल्याकडे राजदूत ३५० चं तसंच. सुरुवातीच्या ‘हाय टॉर्क’ गाड्या ३०.५ अश्वशक्तीच्या, नंतर मायलेजसाठी आलेल्या ‘लो टॉर्क’ २७ च्या. हा खरा फरक आहे. आरएक्सच्या बाबतीत अशी ठळक रेघ १९९६ ला आहे. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर ढकलायचं काम नव्या मिश्रणालाच करावं लागतं, त्यात थोडं न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर निसटतं. शिवाय ऑइलही जळतं. त्यामुळे १९९६ चे धुराचे कडक नियम आल्यावर हंड्रेड गेली आणि पुढे १३५ आली. हंड्रेड हवी की १३५, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पण हंड्रेडमध्ये सत्त्याऐंशी की त्र्याण्णव? तीस वर्षांनंतर हा प्रश्न फक्त भाव वाढवायच्या कामाचा उरतो.

का? मेकॅनिकलवाल्यांनी जरा विचार करा. तीस-पस्तीस वर्षं पळालेल्या टू-स्ट्रोकमध्ये मूळचं काय राहतं? पिस्टन, रिंगा बदलल्या. सिलिंडर बोअर केला, पाव मिलिमीटर, मग अर्धा, मग आणखी. क्रँकचे बेअरिंग आणि सील बदलले. कार्बोरेटर, सायलेन्सर कुठून तरी आणून बसवले. आजीची गोधडी आजीचीच असते, पण ठिगळं सगळी नंतरची! मग ती जपानची की इथली, हे ठरवणार कोण? आणि २०२५ पर्यंत पंपांवर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. जुन्या रबरी नळ्यांना आणि सीलना ते मानवत नाही. पंच्याऐंशीची असो की पंच्याण्णवची, दोन्ही गाड्या त्याच्या आधीच्याच. तिथे ज्येष्ठतेचा काही फायदा नाही.

उलट कागदपत्रांनी गाडीचा खरा जीव कळतो. नंबरप्लेट बघा. मोटार वाहन कायदा १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि मग एमएच १९ म्हणजे जळगाव, एमएच १८ म्हणजे धुळे असे नंबर आले. त्याआधी ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं असायची. तेव्हा कुणी एमएच १९ ची गाडी दाखवून ‘मूळ नोंदणी इथलीच, शहाऐंशीची’ म्हणाला तर चहा पिऊन परत या. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. त्याची केंद्राची फी दुचाकीला २०२२ मध्ये तीनशेवरून हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरच्या दुचाकीला दोन हजार. पर्यावरण कर वेगळा. रिन्यू न केलेली गाडी स्वस्त दिसते, पण तो स्वस्तपणा आरटीओच्या खिडकीवर व्याजासकट फिटतो. आणि ‘विंटेज आहे भाऊ’ या वाक्याला भुलू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी. सगळ्यात पहिली आरएक्स हंड्रेडसुद्धा २०३५ च्या आधी विंटेज होत नाही!

म्हणून माझा क्रम असा : आधी आरसी, मग चेसिस आणि इंजिन नंबर, मग मालक, मग क्रँकचा आवाज, मग कुठे गंज आहे ते. सन सगळ्यात शेवटी. रंगाकडे तर बघूच नका, रंग सगळ्यांनाच लावता येतो.

आता गुरुजींकडे परत येऊ. अंगणात निंबाखाली गाडी उभी. आरसी हातात घेतली आणि बघतो तर १९९५! मी म्हटलं, “गुरुजी, पंच्याऐंशीची म्हणाले होते ना?” गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “पंच्याण्णव म्हणजे नाइंटी फाइव्ह. कोणत्या शाळेत होतास?” पप्पा त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

मी निघणारच होतो. पण गुरुजी आत जाऊन एक वही घेऊन आले. दोनशे पानी, खाकी कव्हर. पहिल्या दिवसापासून किती पेट्रोल, किती ऑइल, कधी प्लग बदलला, कधी रिंगा टाकल्या, कुठल्या गावाला गेले, सगळं तारीखवार. ‘सिलिंडर बोअर, पहिल्यांदा’ अशी एकच नोंद. रजिस्ट्रेशन प्रत्येक वेळी मुदतीत रिन्यू केल्याची पावती पानाला टाचलेली. मी इंजिनाचा नंबर तपासला. जुळला. किक मारली. पहिल्याच किकला सुरू! आप्पांना फोनवर आवाज ऐकवला. ते एवढंच म्हणाले, “घी ले.”

पासष्ट हजारांत व्यवहार झाला. माझे चाळीस, पप्पांचे पंचवीस. फी शाबूत. ही गाडी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे, म्हणजे ताईच म्हणायची. होस्टेलवर पोरं विचारतात, “जपान का?” मी म्हणतो, “नाही, कजगाव.”

निघताना गुरुजींनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “पुढचं तू लिही. मराठीत लिही.” त्या रात्री मी पहिली नोंद केली : पेट्रोल तीन लिटर, भडगाव. किलोमीटरचा आकडा अक्षरी लिहायचा होता. पप्पांना विचारून लिहिला. आता हळूहळू जमतंय. पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव तर आता झोपेतही चुकणार नाही.