पैसा हंगामाला जुळवा

आम्ही वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतले लोक. कापूस पेरणारे, तो वेचणाऱ्या, बचत गट चालवणाऱ्या, जिनिंगवर राबणारे, आणि बँकेच्या खिडकीमागे आयुष्य काढलेले निवृत्त कारकूनही. पैशाचे धोरण आजवर आमच्यापुढे हवामानासारखे आले. मुंबईत व्याजदर ठरतो, दिल्लीत आयातशुल्क ठरते, आणि आम्ही आभाळाकडे बघत बसतो. पण हे आभाळ नव्हे. हे माणसांनी टेबलाशी बसून घेतलेले निर्णय आहेत.

2025 चेच बघा. रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आणला. सवलतीच्या पीककर्जाचा दर सरकारने आधीच बांधलेला. तो जागचा हलला नाही. कृषी केंद्राच्या उधारीला तर रेपो नावाचा पाहुणा ठाऊकच नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले गेले आणि पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबली. म्हणजे घरोघरी वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापूस बाजारात यायच्या नेमक्या दिवसांत! लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, आणि खासगी बाजार त्याच्या खालूनच बोलत होता. एका खात्याने दिलेली हमी दुसऱ्या खात्याने पातळ केली.

कर्जमाफीचेही तसेच. 2008 मध्ये पूर्ण माफीला दोन हेक्टरची रेघ मारली गेली. कोरडवाहू पऱ्हाटीचे सहा एकर आणि बागायती उसाचे सहा एकर एकाच फुटपट्टीने मोजले गेले. रेघेपलीकडचा आमचा शेतकरी कागदावर मोठा ठरला आणि घरी होता तसाच राहिला.

हे दुखणे एकट्या वर्ध्याचे नाही. माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड हे आफ्रिकेतले कापसाचे देश. त्यांचे चलन, सीएफए फ्रँक, आज युरोला बांधलेले आहे. 1994 च्या जानेवारीत फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत त्याचे मोल एका फटक्यात निम्मे झाले. निर्यातीच्या कापसाला त्याने हात दिला असेल, पण बाहेरून येणारे खत आणि औषध महागले. 2003 मध्ये याच चार देशांनी श्रीमंत राष्ट्रांच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत एकत्र आवाज उठवला. ते बोलले. आम्हीही बोलणार.

पैशाचा विचार या मातीला नवा नाही. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकलेले जे. सी. कुमारप्पा इथे वर्ध्याच्या मगनवाडीत राहून, 1934 मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम उभारत होते. 1950 मध्ये पवनारला विनोबांनी कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाविना जगण्याचा, प्रयोग मांडला. आमच्यात तेवढा धीर नाही, हे कबूल. आम्हाला पैशापासून सुटका नको, पैसा आमच्या हंगामाला जुळलेला हवा.

आम्ही मानतो की व्याज ही वेळेची किंमत आहे, आणि आमची वेळ मृगाला सुरू होऊन फरदडीला संपते. मार्चअखेर ही बँकेची वेळ. तिच्यासाठी कापूस पडत्या भावाने विकणे, किंवा जुने कर्ज कागदावर फेडून नवे उचलण्याचे नुसते नवंजुनं करून घेणे, याला आम्ही परतफेड म्हणत नाही. आम्ही मानतो की शुल्क, व्याज आणि माफी हे एकाच घरातले तीन खर्च आहेत आणि ते एकत्रच मांडले पाहिजेत.

म्हणून आम्ही मागू: परतफेडीची तारीख पिकावरून ठरवा, ऑक्टोबर ते मार्च आयातशुल्काला हात लावू नका, आणि माफीचा निकष एकरावर नको, उत्पन्नावर ठेवा. पण मागण्याआधी आमचे काम आम्ही करू. प्रत्येक गाव आपली पैशाची वही लिहील. पीककर्ज किती आले, व्याज किती गेले, बियाणे-खत-फवारणीचा पैसा गावाबाहेर किती गेला, कृषी केंद्राने उधारीवर नगदापेक्षा किती जास्त लावले. बचत गटांनी निविष्ठांसाठी किती कर्ज दिले, तेही तिथेच. ही वही ग्रामसभेत मोठ्याने वाचली जाईल, आणि आठही तालुक्यांच्या वह्या एकत्र बांधून रिझर्व्ह बँकेला आणि अर्थमंत्रालयाला जातील.

या चळवळीला अजून नाव नाही. ते सवडीने ठेवू. पहिले वाचन येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत. येताना पावत्या आणा, उधारीच्या चिठ्ठ्या आणा. सातबारा नावावर नसला तरी चालेल. ठेक्याने शेत करणाऱ्याचे आणि वेचणीला जाणाऱ्या बाईचे देणेही याच वहीत लिहायचे आहे.