‘साहेब, आज पुरे’ म्हणणारा मार्कर हवा

स्क्वॉश हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. ३२ फूट लांब आणि २१ फूट रुंद अशा बंद खोलीत दोघेजण एक छोटा रबरी चेंडू रॅकेटने भिंतीवर मारत राहतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ घ्यायचे २०२३ साली ठरले. त्याआधी २०१४ साली इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुष संघाने सुवर्णपदक मिळवले होते, त्या संघात मुंबईचा महेश माणगावकर होता. साहजिकच काही तरुणांच्या मनात येते, की क्लबमध्ये हा खेळ शिकवण्याचा पेशा धरावा का? त्याला काय लागते? खेळाचे तंत्र जाणकार सांगतील. मी डॉक्टर म्हणून वेगळी बाजू मांडतो.

आपल्याकडच्या जुन्या क्लबांत या शिक्षकाला ‘मार्कर’ म्हणत. गुण मोजणे, चेंडू पुरवणे, सभासदांबरोबर खेळणे ही त्याची कामे. पेशावरचे हाशिम खान याच वाटेने पुढे आले. लहानपणी वडील गेले, शाळा सुटली आणि ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू वेचू लागले. १९४२ मध्ये हवाई दलाच्या मेसमध्ये शिक्षक म्हणून लागले आणि १९४४ मध्ये मुंबईला येऊन अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. १९५१ साली, पस्तिशी उलटल्यावर, त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली आणि पुढे एकूण सात वेळा जिंकली. नंतर अमेरिकेत डेट्रॉइट आणि डेन्व्हरच्या क्लबांत ते शिकवत राहिले. २०१४ साली ते वारले, तेव्हा वय शंभरीच्या घरात होते.

असे खेळाडू विरळा. पण शिकवण्यासाठी चॅम्पियन असावेच लागते असे नाही. समोरच्याला झेपेल असा चेंडू पुन्हा पुन्हा देता येणे, ही शिक्षकाची खरी कसोटी. साधे चेंडूचेच घ्या. मोठ्या स्पर्धांत दोन पिवळे ठिपके असलेला चेंडू वापरतात. तो तापल्याशिवाय नीट उसळत नाही. नवख्या माणसाच्या फटक्यांनी तो तापत नाही, मग त्याला प्रत्येक चेंडूसाठी धावावे आणि वाकावे लागते. महिन्याभरात गुडघा आणि कंबर बोलू लागतात. नवख्यांसाठी थोडा मोठा, जास्त उसळणारा चेंडू मिळतो. समजूतदार शिक्षक आधी तो काढतो.

आता मुख्य मुद्दा. क्लबात येणारा सभासद बहुधा चाळिशी-पन्नाशीचा, दिवसभर खुर्चीत बसणारा, पोट सुटलेला. तब्येत सुधारावी म्हणून तो थेट स्क्वॉशच्या कोर्टात उतरतो. या खेळात नाडी फार लवकर वाढते आणि चुरस लागली की माणूस थांबत नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांनी स्क्वॉश खेळताना किंवा खेळून झाल्यावर अचानक झालेल्या ६० मृत्यूंचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेकांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता आणि अनेकांना आधी त्रासही जाणवला होता. म्हणजे शरीराने सूचना दिली होती, ती कोणी मनावर घेतली नाही.

ती सूचना ओळखू शकणारा माणूस कोर्टावर एकच असतो, तो म्हणजे मार्कर. छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, थंड घाम, चक्कर यांपैकी काही दिसले की खेळ बंद. अंगात ताप असेल तर कोर्टाकडे फिरकायचे नाही. चाळिशीनंतर नव्याने खेळणाऱ्याने आधी रक्तदाब, साखर तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. माणूस कोसळलाच आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला सांगून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब देणे शिक्षकाला आलेच पाहिजे. हे काही तासांत शिकता येते.

डोळ्याचेही तसेच. स्क्वॉशचा चेंडू जेमतेम ४ सेंटिमीटरचा, नेमका डोळ्याच्या खोबणीत बसणारा. साधा चष्मा फुटून काच आत जाऊ शकते. म्हणून खेळाचा खास पॉलीकार्बोनेटचा चष्मा हवा, आणि तो शिक्षकाने स्वतः घालावा. तो घालत नसेल तर मुले कशाला घालतील?

आता अडचण कुठे आहे? मार्कर हा क्लबचा नोकर आणि समोरचा साहेब, कारखानदार किंवा समितीचा अध्यक्ष. त्याला ‘साहेब, आज पुरे’ म्हणायची हिंमत कोण करील? नोकरी गेली तर घर कसे चालवायचे? म्हणून ही जबाबदारी एकट्या मार्करवर टाकून चालणार नाही. ‘मार्करने थांबवले तर थांबावे लागेल’ असा नियम क्लबच्या समितीने लेखी करून कोर्टाच्या दारावर लावावा. वैद्याचे पथ्य पाळायचे, तर शिक्षकाचे का नाही?

आणि मार्करच्या शरीराचे काय? सभासद तासभर खेळून घरी जातो, मार्कर दिवसाला पाच-सहा जणांबरोबर खेळतो. टाच, गुडघा, खांदा, कंबर हेच त्याचे भांडवल. त्याला आठवड्याची सुटी, आजारपणाची पगारी रजा आणि विमा नको का? पन्नाशीत गुडघे गेले की हातात काय उरते, हा प्रश्न नोकरी धरतानाच विचारावा.

तेव्हा या पेशात येऊ पाहणाऱ्या तरुणांना सांगणे एवढेच: फटका शिकाच, पण माणसाचे शरीर वाचायलाही शिका आणि नम्रपणे ‘थांबा’ म्हणायची सवय ठेवा. आणि आमच्या सभासद मंडळींनो, मार्करने थांबा म्हटले तर त्यात अपमान मानू नका. रॅकेट खाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न जाता त्याच दिवशी जा.