पोराच्या छातीतली गाठ आणि आपली लाज



या पानावर मी नेहमी बेणे, खते आणि लागणीविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. लिहू की नको, असा विचार करूनच लिहायला बसलो.

मागील हंगामात ऊसनोंदीसाठी एका सभासदाच्या वावरात गेलो होतो. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा ऐन उन्हातही जाड शर्ट घालून होता. कबड्डी सोडली, विहिरीत पोहणे सोडले. शेवटी मायजवळ बोलला, "छातीत गाठ आहे, दुखते." घरातल्यांनी बिब्बा घालायचे ठरवले होते. मी म्हटले, "भाऊ, आधी डॉक्टरला दाखवा, मग काय ते." दाखवले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, वयात येतानाची गाठ आहे, जाईल आपोआप. पोरगं वर्षभर मनात कर्करोग घेऊन फिरत होतं!

वयात येताना शरीरातील संप्रेरकांचा तोल बदलतो. त्यामुळे निम्म्याच्या आसपास मुलांना बोंडीखाली चकतीसारखी, दुखरी गाठ येते, कधी एकाच बाजूला. बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत ती जिरते. ती दाबू नये, लेप-बिब्बा लावू नये, आणि पोराची थट्टा तर मुळीच करू नये.

पण प्रत्येक गाठ अशीच असते असे नाही. काही औषधांमुळे, दारूने यकृत बिघडल्यामुळे, तालमीत शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनांमुळेही छाती वाढते. क्वचित मूळ दुखणे अंडकोषातील गाठीत असते. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो, आणि तोही बहुतेक उतारवयातला. तरुणांत तो फारच विरळा, पण पुरुषाला होतच नाही, हा समज चुकीचा आहे.

म्हणून ही लक्षणे दिसली तर थांबू नका: गाठ कठीण व न दुखणारी, बोंडीपासून बाजूला, किंवा वाढत जाणारी, बोंडी आत ओढलेली, तिच्यातून रक्त किंवा पाणी येणे, कातडीला खळगा किंवा जखम, काखेत गाठ, अंडकोषात गाठ. घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. ह्यांपैकी काही नसले, तरी मनात शंका असेल तर एकदा दाखवून मोकळे व्हावे.

आपला जिल्हा याबाबत नशीबवान आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी मेघेला मोठे रुग्णालय आहे. हाताने तपासणी, गरज पडल्यास सोनोग्राफी व सुईची तपासणी, एवढ्यावर बहुतेक वेळा निदान होते.

लाल कूज सुरुवातीला उसाच्या वरून सहज दिसत नाही. ऊस चिरून पाहिला की आतला लाल रंग दिसतो. बेण्यासाठी आपण ऊस चिरून पाहतो, मग पोराला "काय होतंय रे बाबा?" एवढे विचारायला लाज कशाची? माझे स्पष्ट मत आहे की ही विचारपूस बापाने करावी, सगळे मायवर टाकू नये. आणि गटसभेत पाणी-खताबरोबर या विषयावरही डॉक्टरांचे दोन शब्द ठेवावेत, अशी माझी संचालक मंडळाला विनंती आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी